नानांसाठी चंद्र कोरताना

कस्तुरीने यंत्राला वर्तुळ काढायला सांगितले होते आणि यंत्राने भलतेच काहीतरी काढून ठेवले.

रेषा सुरुवातीला छान वळत गेली. अर्ध्यावर आली आणि किंचित आत सरकली. मग पुन्हा शहाण्यासारखी वळली, पण जिथून निघाली होती तिथे येऊन मिळायचे सोडून, शेजारून बोटभर अंतर राखून पुढे निघून गेली. पहिल्यांदाच भाकरी थापणाऱ्याच्या हातून व्हावी तशी त्या वर्तुळाची गत झाली होती. फळी टाकाऊ होती, एवढेच नशीब.

"गणितात चूक नाही," भिंगरी म्हणाली. "मी पुन्हा तपासलं. वर्तुळ मिटायलाच हवं होतं."

भिंगरी ही त्यांच्या घरातली रोबो. उंची कस्तुरीच्या कमरेएवढी, पायांच्या जागी एकच मोठे चाक, आणि एका जागी उभी राहिली तरी स्वतःभोवती हळूहळू गिरक्या घ्यायची सवय. भिंगरी खोटे बोलत नसे आणि तिचे गणित कधी चुकत नसे. कस्तुरीने यंत्राचे सगळे स्क्रू आवळून पाहिले होते. पट्टे ताणून पाहिले होते. कुठे काही सैल नव्हते. गणित बरोबर, यंत्र धडधाकट, लाकूड सरळ. मग चूक आली कुठून?

हे यंत्र कस्तुरीच्या घरी कसे आले, ते आधी सांगायला हवे.

कस्तुरीची आई वैजयंती त्या वर्षी चंद्रावर होती. चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ संशोधकांचा एक तळ होता आणि तिथल्या मातीखालच्या बर्फाचा अभ्यास करायला ती गेली होती. तोवर चंद्रावर माणसे जाणे ही काही पहिल्या पानावरची बातमी राहिली नव्हती; पण जुन्नरचे कुणी जाणे ही होती. एसटी स्टँडसमोर तिच्या फोटोचा मोठा फलक लागला होता, आणि शाळेत जाता-येता कस्तुरी त्याच्याकडे न पाहिल्यासारखे करून पाहत असे.

घरी कस्तुरी, तिचे बाबा आणि नाना. नाना म्हणजे आईचे वडील. रेडिओ दुर्बिणींच्या (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या प्रचंड तबकड्यांच्या) मोटरी सांभाळण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. घराएवढी तबकडी केसाच्या अंतरानेही न चुकता ताऱ्यामागे फिरवायची, हे त्यांचे काम. आता मात्र त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. त्या आजारावर उपचार निघाले होते, पण नानांना ते लागू पडले नाहीत. कडेकडेचे त्यांना अंधुक दिसे. ज्याच्याकडे थेट पाहावे, नेमके तेच नाहीसे होई.

नानांचे सहस्रचंद्रदर्शन जवळ आले होते. माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या की घरचे लोक कौतुकाने हा सोहळा करतात. बाबांनी तारीख ठरवली तेव्हा नाना हसून म्हणाले होते, "हजार चंद्र पाहिले म्हणून ओवाळणार, आणि मला साधा एक दिसत नाही." सगळे हसले. कस्तुरीही हसली. पण दोन-चार दिवसांनी संध्याकाळी ती वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, तेव्हा नाना कठड्यापाशी उभे होते. समोर चंद्र उगवला होता, आणि नाना मान तिरकी करून चंद्राच्या शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे पाहत होते. डोळ्याच्या कडेने तरी तो सापडतो का, हे ते पाहत होते. कस्तुरी कपडे तसेच सोडून आवाज न करता खाली आली.

त्या आठवड्यात आईशी बोलताना तिने आपला बेत सांगितला. चंद्र लाकडात कोरायचा. डोंगर उंच, विवरे खोल, सगळे बोटांना लागेल असे. म्हणजे नानांना तो हातांनी पाहता येईल. चंद्रावरून येणाऱ्या आवाजाला पोचायला वेळ लागतो. तो पोचला तेव्हा आईने बेत पुन्हा एकदा सांगायला लावला. मग तिने चंद्राच्या उंचसखलपणाचा नकाशा पाठवायचे कबूल केले.

बाबांनी ओतूरच्या एका पाट्या बनवणाऱ्या तरुणाकडून जुने सीएनसी यंत्र (संगणकाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे आपोआप लाकूड कोरणारे यंत्र) आणले. कॅरम बोर्डापेक्षा थोडे मोठे. त्यात वर एक गरगर फिरणारे पाते आणि त्याला हलवणाऱ्या तीन मोटरी होत्या. एक त्याला डावीउजवीकडे नेई, दुसरी पुढेमागे, तिसरी वरखाली. बाबांनी त्याला लाल रंगाचे, एका थपडेत सगळे बंद करणारे बटण बसवले आणि दोन अटी घातल्या. डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही, आणि घरात मोठे माणूस नसताना तर नाहीच.

लाकूड त्यांनी वखारीतून शोधून आणले होते. शिवणीच्या लाकडाची रुंद फळी, चांगली मुरलेली, गाठ नसलेली. तशी दुसरी त्या वखारीत नव्हती, आणि नवी मुरवायची तर काही वर्षे लागली असती. म्हणून कस्तुरीने ती कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवली आणि सराव टाकाऊ फळ्यांवर सुरू केला.

पहिली अडचण यंत्राबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरची होती. ते उघडले की पडद्यावर "कंपनीशी संपर्क साधत आहे" अशी अक्षरे येत आणि तशीच राहत. ते सुरू होण्याआधी दूरच्या कंपनीच्या संगणकाची परवानगी मागत होते, आणि ती कंपनी केव्हाच बंद पडली होती. यंत्र ठणठणीत, पण त्याच्या दाराची किल्ली गाव सोडून गेलेल्या माणसाच्या खिशात राहिल्यासारखे झाले होते.

तेव्हा भिंगरी पुढे झाली. यंत्राच्या पोटात एक छोटा नियंत्रक (मोटरींना इशारे देणारी, हाताच्या पंजाएवढी पट्टी) होता. त्याला बाजूला ठेवून मोटरींच्या तारा थेट आपल्याला जोडा, असे तिने सुचवले. ती त्या चिमुकल्या पट्टीपेक्षा कितीतरी हुशार होती, आणि हे ती नम्रपणे पण दोनदा म्हणाली. बाबांनी तारा जोडून दिल्या. आणि मग ते न मिटणारे वर्तुळ निघाले.

कस्तुरीने सरळ निष्कर्ष काढला की यंत्रच मोडकळीला आले आहे. जुने ते जुनेच. तिचा चेहरा पडला. तेवढ्यात दारात नाना येऊन उभे राहिले. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी चौकटीला हात लावला, मग मनातल्या मनात मोजत पावले टाकली आणि खुर्चीपाशी बरोबर थांबून बसले. वर्तुळावरून त्यांनी बोट फिरवले. बोट जिथे आत सरकले तिथे थांबले, आणि तुटक्या टोकाशी पुन्हा थांबले.

"आता वर्तुळ नको," ते म्हणाले. "एक सरळ रेषा काढायला सांग. सावकाश, एकाच वेगाने. आणि पाते गरगर फिरवणारी मोटर बंद ठेव. मला ऐकायचंय."

कस्तुरीला वाटले, यात ऐकायचे काय? पण पाते लाकडापासून उचलून तिने तसे केले. गरगर थांबल्यावर खोलीत एक बारीक सूर ऐकू येऊ लागला. पाते हलवणारी मोटर जणू गुणगुणत होती.

नानांनी मग समजावून सांगितले. या मोटरी पंख्यासारख्या सलग फिरत नाहीत. त्या स्टेपर मोटरी असतात (ठरावीक छोट्या छोट्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरी). विजेचा एक ठोका दिला की मोटर एक पाऊल टाकते, आणखी एक दिला की आणखी एक. पावले इतकी झटपट पडतात की त्यांचा सूर होतो. ठोके सारख्या अंतराने पडले तर सूर सरळ लागतो. ठोके मागेपुढे झाले तर सूर थरथरतो.

"आता भिंगरीला काहीतरी विचार," नाना म्हणाले.

कस्तुरीने भिंगरीला उद्याचे हवामान विचारले. भिंगरीने लगेच उत्तर दिले, आणि ती बोलत असताना सूर अडखळला, क्षणभर बसला आणि मग घाईघाईने वर चढून पुन्हा जागेवर आला. कस्तुरीने दारावरची बेल वाजवून पाहिली. पुन्हा तेच. बाबांना हाक मारली, भिंगरीने मान वळवली, पुन्हा तेच.

कस्तुरीला आठवले. वर्तुळ अर्ध्यावर असताना तिने भिंगरीला वेळ विचारली होती.

"पण मी एकाही ठोक्याचा हिशेब सोडला नाही," भिंगरी म्हणाली. तिच्या गिरक्या थांबल्या होत्या. "जो उशिरा गेला, त्याच्या मागचे मी भराभर पाठवून वेळ भरून काढली."

"तेच तर झालं," नाना म्हणाले आणि त्यांनी कस्तुरीला दारापाशी उभे केले. डोळे मिटायला सांगितले. मी टाळी वाजवेन, प्रत्येक टाळीला एक पाऊल, खिडकीपर्यंत, असा खेळ ठरला. टाळ्या एका लयीत पडत होत्या तोवर कस्तुरी नीट चालली. मध्येच टाळ्या थांबल्या. ती एक पाय उचलून तशीच डुलत राहिली. आणि मग नानांनी राहिलेल्या टाळ्या एकदम तडतड वाजवल्या. कस्तुरीने त्या गाठायचा प्रयत्न केला, दोन-तीन हुकल्या, पाय पायात अडकला आणि ती भिंगरीवर जाऊन आदळली. डोळे उघडले तर खिडकी अजून दूर होती.

"माझ्या टाळ्या बरोबर तेवढ्याच होत्या," नाना म्हणाले. "माझ्या हिशेबाने तू खिडकीपाशी आहेस."

कस्तुरी खिडकीकडे पाहत राहिली. मोटरच्या आतल्या चुंबकांतही असेच होत असणार. प्रत्येक ठोक्याला चुंबकाची ओढ एक घर पुढे सरकते आणि फिरणारा भाग तिच्यामागे जातो. ठोके घाईने आले तर तो मागे राहतो. आणि पाठवणाऱ्याला ते कळतच नाही, कारण पाते खरोखर कुठे आहे हे कुणी पाहत नसते. यंत्र फक्त मोजत असते. एक पाऊल हुकले की पुढची प्रत्येक रेषा तेवढीच सरकलेली.

"म्हणजे यंत्राला दिसत नाही," ती हळूच म्हणाली. "ते मोजत मोजत चालतं."

"माझ्यासारखंच," नाना म्हणाले. "म्हणून मी आधी चौकटीला हात लावतो. तिथून मोजलं की घर माझ्या ओळखीचं होतं. मध्ये कुणी ढकललं, तर मला पुन्हा चौकटीपर्यंत जावं लागतं."

कस्तुरी त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकली. नाना घरात इतके सहज वावरत की ते सारखे मोजत असतात, हे तिच्या कधी ध्यानातच आले नव्हते. शाळेतून आल्यावर घाईत ती दप्तर वाटेत टाकत असे, आजही टाकले होते. तिने ते मुकाट्याने उचलून खुंटीला लावले.

भिंगरी मात्र खट्टू झाली होती. तिने विचारले की ती यंत्र चालवण्याइतकी हुशार नाही का. नानांनी तिला जवळ बोलावले. ते म्हणाले की तिची हुशारीच आड येते आहे. ती दाराकडे पाहते, फोन ऐकते, दुधावर लक्ष ठेवते, प्रश्नांची उत्तरे देते. एका वेळी शंभर गोष्टींत तिचे मन असते. ठोका देणाऱ्याच्या मनात मात्र ठोक्याशिवाय काही असता कामा नये. लेझीमच्या पथकात कुठल्या रांगेने कुठे वळायचे ते ठरवायला डोके लागते, पण हलगी वाजवणाऱ्याने वळणांचा विचार करत बसायचे नसते. वेळच्या वेळी काम होणे महत्त्वाचे असलेल्या या प्रकाराला जाणकार "तत्काळ नियंत्रण" म्हणतात (ज्यात बरोबर उत्तर उशिरा आले तर ते चुकीचेच धरले जाते).

आता कस्तुरीला कुठले सॉफ्टवेअर शोधायचे ते कळले होते. ठोके देण्याचे काम यंत्राच्या पोटातल्या त्या चिमुकल्या नियंत्रकाने करायचे. त्याला दुसरा उद्योग नव्हता, हाच त्याचा मोठेपणा. आणि चालण्यासाठी त्याला दूरच्या कुणाची परवानगी लागता कामा नये. तिने आणि भिंगरीने मिळून बरेच पर्याय पाहिले. एक फारच देखणे होते. त्यात लाकूड, पाते, उडणारा भुसा, सगळे चित्रात हलताना दिसे. पण तेही दर वेळी इंटरनेटवरून कुठेतरी विचारून येई. ते तिने मनावर दगड ठेवून सोडले.

शेवटी "पाऊलवाट" नावाचे एक सापडले. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेले आणि सगळ्यांना वापरायला मोकळे. त्याचा एक भाग नियंत्रकात बसे आणि दुसरा कस्तुरीच्या टॅबवर. पडदा राखाडी, त्यावर आकडे आणि चार बटणे. भिंगरीला ते अगदीच गरीब वाटले. शिवाय ते बसवायचे तर नियंत्रकातले कंपनीचे जुने सॉफ्टवेअर पुसावे लागणार होते, आणि पुसलेले परत येणार नव्हते. कस्तुरीचे बोट बटणावर घुटमळले. बाबांनी विचारले, जे उघडतच नाही ते जपून काय करणार? तिने बटण दाबले.

नानांनी मात्र लगेच विश्वास ठेवू दिला नाही. सॉफ्टवेअर चांगले आहे असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. ते खरे आहे का हे आपण विचारायचे, आणि विचारताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग कस्तुरीनेच परीक्षा काढली. पात्याच्या जागी तिने पेन्सिल बांधली आणि खाली कोरा कागद चिकटवला. पेन्सिलीने एक टिंब काढायचे, फळीभर भटकून यायचे आणि पुन्हा त्याच जागी टिंब काढायचे. असे बऱ्याचदा. त्या वेळी घरात मुद्दाम गोंधळ घालायचा. आधी तारा भिंगरीकडे, मग पाऊलवाटेकडे. यंत्र तेच, पेन्सिल तीच, गोंधळही तोच.

बाबांनी बेल वाजवली, कस्तुरीने भिंगरीला पाढे म्हणायला लावले, नानांनी खुर्चीत बसल्या बसल्या भिंगरीकडून गाणे मागितले. भिंगरीच्या कागदावर टिंबे मोहरी सांडावी तशी विखुरली. पाऊलवाटेच्या कागदावर टिंब एकच उमटले होते, काळेभोर. कस्तुरीने तिथे नानांचे बोट ठेवले, तर दाबून दाबून कागदाला तिथे खळगा पडला होता.

"बघ," नाना म्हणाले, "न बघताही परत घरी येतंय."

पाऊलवाटेला घरही होते. यंत्राच्या कोपऱ्यात छोटी कळ होती. सुरू झाल्यावर पाते आधी त्या कळीला जाऊन टेकत असे आणि तिथून मोजायला लागे. ते पाहून कस्तुरीला दाराची चौकट आठवली आणि ती स्वतःशीच हसली.

भिंगरीला काय काम उरले, तर सगळ्यात मोठे. आईने पाठवलेल्या नकाशावरून पात्याने कुठून कुठे जायचे, किती खोल जायचे, याच्या लाखो ओळी तिला लिहायच्या होत्या. नकाशा जसाच्या तसा कोरून चालणार नव्हता. त्या फळीवर खऱ्या मापाने चंद्राचे डोंगर तांदळाच्या दाण्याएवढेही जाड भरले नसते. म्हणून उंची कित्येक पटींनी वाढवायची, पण कडा बोटाला टोचू द्यायच्या नाहीत, हे तिने आणि कस्तुरीने बसून ठरवले. भिंगरीच्या गिरक्या पुन्हा सुरू झाल्या.

"पण मी ओळ पाठवायला उशीर केला तर?" तिने विचारले. ही शंका रास्त होती. नानांनी तिला कार्याच्या घरातल्या पुऱ्यांचे उदाहरण दिले. लाटणारी आणि तळणारी यांच्यामध्ये एक ताट असते, आणि त्यात लाटलेल्या चार पुऱ्या कायम पडलेल्या असतात. लाटणारीने जरा पदर सावरला तरी तळणारीचा हात थांबत नाही. नियंत्रकातही असे एक ताट असते, त्याला बफर म्हणतात (पुढच्या आज्ञा साठवून ठेवायची छोटी जागा).

"आणि ताटच रिकामं झालं तर?" कस्तुरीने विचारले.

"तर शहाणी तळणारी काय करते?" नाना म्हणाले, आणि उत्तर तिच्यावरच सोडून चहा प्यायला गेले.

ते उत्तर शिवणीच्या फळीवरच मिळाले. सोहळ्याच्या आदल्या रविवारी सकाळी कस्तुरीने चष्मा चढवला, फळी आवळून बसवली आणि यंत्र सुरू केले. बाबा शेजारी, नाना खुर्चीत. भुशाचा मंद वास खोलीभर पसरला. पाते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई, परत येई, आणि प्रत्येक फेरीला चंद्राची आणखी एक बारीक पट्टी लाकडातून वर येई. दुपारपर्यंत वरची विवरे दिसू लागली. मग मधली सपाट मैदाने, जी आपल्याला पृथ्वीवरून काळे डाग म्हणून दिसतात. अर्धा चंद्र कोरून झाला होता.

तेवढ्यात आईचा फोन आला. चंद्रावरचा फोन आला की भिंगरीने हातातले सगळे सोडून तो आधी जोडायचा, असा घरचा नियमच होता. आणि त्या दिवशी तळावरून येणारे चित्र सारखे तुटत होते. भिंगरीने सगळी शक्ती ते सांधण्यात लावली. ओळी पाठवायची ती थांबली. यंत्राने ताटातल्या होत्या तेवढ्या ओळी संपवल्या आणि ते एका डोंगराच्या उतारावर थांबले.

एकच फळी, आणि यंत्र मधोमध थांबलेले. बाबांचा हात लाल बटणाकडे गेला. पात्याखालून धुराची बारीक रेघ निघाली.

"थांबा," नाना म्हणाले. ते कान देऊन ऐकत होते. "थांबलंय ते. अडखळलेलं नाही. कस्तू, आकडे काय म्हणतात?"

कस्तुरीने टॅबवर पाहिले. राखाडी पडद्यावर पात्याची जागा जशीच्या तशी लिहिलेली होती. घाई नाही, गडबड नाही. पुढची पुरी आली नाही म्हणून तळणारी झारा हातात धरून उभी होती. तिने भिंगरीला सांगितले, आईला म्हणावं दोन मिनिटं थांब, आधी ओळी पाठव. भिंगरीने घरचा नियम पहिल्यांदाच मोडला. पाते हलले, उतारावरून सरळ खाली गेले, आणि नवी पट्टी जुन्या पट्टीला अशी जुळली की सांधा शोधूनही सापडेना. फक्त पाते थांबले होते तिथे तिळाएवढा करपलेला खळगा राहिला.

मग भिंगरीने आईचे चित्र जोडले. एवढा वेळ ताटकळलेली आई काळजीत होती. कस्तुरीने काही न सांगता कॅमेरा फळीकडे वळवला. चित्र पोचायला वेळ लागतो तेवढ्या वेळाने आईने तोंडावर हात ठेवला आणि मग तिचे हसणे खोलीत आले.

सोहळ्याच्या दिवशी घर माणसांनी भरून गेले होते. ओवाळून झाले, पेढे वाटून झाले, शेजारच्या काकूंनी नानांची दृष्ट काढली. मग कस्तुरीने चंद्र आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. घासून, तेल लावून तो गुळगुळीत झाला होता. भिंगरीने भिंतीवरच्या पडद्यावर आईला आणले.

नानांनी दोन्ही हात फळीवर ठेवले. त्यांची बोटे वरच्या कडेने निघाली, विवरांत उतरली, बाहेर आली, मैदानांवरून सपाट सरकत गेली. एका मोठ्या विवराच्या मधोमध उभ्या असलेल्या टेकडीला लागली तेव्हा ते हसले. ती त्यांनी तरुणपणी दुर्बिणीतून पाहिली होती. कुणीही त्यांना घाई केली नाही. उतारावरच्या त्या तिळाएवढ्या खळग्यात त्यांचे बोट अडकले आणि त्यांनी विचारले की हे विवर कुठले, हे काही आठवत नाही. कस्तुरीने सांगितले की ते आईच्या फोनचे. सगळे हसले. नानांनी मात्र ते बोटाने पुन्हा एकदा चाचपले, जणू तेही नकाशात नोंदवून ठेवायचे होते.

"आणि वैजू कुठे आहे?" त्यांनी विचारले.

कस्तुरीने त्यांचे बोट धरून अगदी खालच्या कडेला नेले. तिथे तिने पितळेची बारीक टाचणी बसवली होती. नानांनी तिच्यावर अंगठा ठेवला, हलका, आणि मान वर करून पडद्याच्या दिशेने बोलले.

"वैजू, मी इथे हात ठेवलाय. तुझ्याकडे सावली पडली का गं?"

त्यांचे शब्द चंद्रापर्यंत गेले. मग आईचा आवाज आला.

"पडली, नाना. हात ठेवा थोडा वेळ."

नानांनी अंगठा तसाच ठेवला. बाबा उगाच समईची वात सारखी करू लागले. कस्तुरी नानांच्या खुर्चीला टेकून उभी होती आणि तिला गच्चीवरची ती संध्याकाळ कुणाला सांगायची गरज उरली नव्हती.

पाहुणे पांगल्यावर शेजारच्या काकू मागे थांबल्या. त्यांची भाची जन्मापासून पाहू शकत नव्हती आणि तिला चंद्र कसा असतो हे कुणाला नीट सांगता आले नव्हते. तिला हा दाखवायला आणू का, असे त्यांनी विचारले. कस्तुरी म्हणाली की आणाच, आणि हवा तर तिच्यासाठी दुसरा कोरू. भिंगरीकडे ओळी तयार आहेत. भिंगरीने एक मोठी गिरकी घेतली.

नाना अजून फळी मांडीवर घेऊन बसले होते. आता त्यांनी ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या लाकडावरून हात फिरवला.

"कस्तू, तू कोरलेली बाजू मी एके काळी पाहिली होती," ते म्हणाले. "पण चंद्र आपल्याकडे नेहमी एकच तोंड करून असतो. त्याची पाठ इथून कुणालाच दिसत नाही, चांगले डोळे असलेल्यांनाही नाही. ती कोरलीस तर तुम्ही सगळे आणि मी एकाच रांगेत बसून ती पहिल्यांदा पाहू."

कस्तुरीने भिंगरीकडे पाहिले. भिंगरी आईला विचारत होती की पाठीमागचा नकाशा कधी पाठवणार.